गोलांच्या आकड्यामागचा फॉर्म : एका आकडेवारी-सेवेचे परीक्षण

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधील फॉरवर्ड (गोल करण्याची मुख्य जबाबदारी असलेल्या, आघाडीच्या) खेळाडूंचा फॉर्म सामन्यागणिक मांडून दाखवणारी एक सशुल्क आकडेवारी-सेवा मी मागचा संपूर्ण हंगाम वापरली. मी जिलाँगचा चाहता असल्यामुळे पुढील बहुतेक उदाहरणे त्याच संघाची आहेत, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

या सेवेची जमेची बाजू म्हणजे ती गोलांच्या संख्येपाशी थांबत नाही. गोलाला 6 गुण आणि बिहाइंडला (मधल्या दोन खांबांमधून न जाता त्यांच्या शेजारच्या बाहेरील खांबाच्या आतून गेलेल्या फटक्याला) 1 गुण मिळत असल्याने एखाद्याच्या नावापुढे 2 गोल व 4 बिहाइंड दिसले की ‘नेम बिघडला आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो; परंतु त्यांपैकी किती फटके समोरून, मार्क घेतल्यानंतर (लाथाडलेला चेंडू हवेत झेलल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या संधीत) निवांतपणे मारलेले होते आणि किती सीमारेषेला चिकटून, अंगावर बचावपटू असताना घाईघाईने मारलेले होते, हे कळल्याशिवाय तो निष्कर्ष पोकळ ठरतो. येथे प्रत्येक फटका अंतर आणि कोनासह मैदानाच्या नकाशावर उमटतो, शिवाय त्या जागेवरून सर्वसाधारणपणे किती गुण मिळतात तेही शेजारीच दिसते. त्याहून मोलाचे आहे ते एक छोटेसे पोकळ वर्तुळ. गोलपर्यंत न पोहोचलेला किंवा टप्पा न पडता थेट सीमेबाहेर गेलेला फटका गुणफलकात कोठेच नोंदला जात नाही, तो या वर्तुळाने दाखवला जातो. अशी वर्तुळे वाढू लागली की गोल होत असतानाच फॉर्म घसरू लागल्याची चाहूल लागते.

उंचपुऱ्या फॉरवर्ड खेळाडूंसाठी ही मांडणी विशेष उपयोगी आहे. जेरेमी कॅमेरनने 2019 मध्ये जीडब्ल्यूएसकडून (ग्रेटर वेस्टर्न सिडनी संघाकडून) 67 आणि 2025 मध्ये जिलाँगकडून 83 गोल करून साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणाऱ्याला दिले जाणारे कोलमन पदक मिळवले. पण तो गोलसमोर ठाण मांडून बसणारा खेळाडू नाही. तो विंगपर्यंत, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागाच्या कडेपर्यंत, मागे येऊन चेंडू घेतो आणि पुढे पोहोचवतो. गुण मिळवून देणाऱ्या चढायांतील सहभागाचा स्वतंत्र रकाना असल्यामुळे, गोल कमी झालेल्या दिवशीही त्याने काय केले ते येथे समजते.

लहान चणीच्या फॉरवर्डच्या बाबतीत मात्र सेवा तोकडी पडते. गोलपासून 50 मीटरवर आखलेल्या कमानीच्या आत केलेले टॅकल मोजले जातात, हे खरे. पण पाठलाग करून बचावपटूला चेंडू घाईने भिरकावायला लावणे, हे त्याचे निम्मे काम, त्याच्या खात्यावर जमा होत नाही. टायसन स्टेंगलने 2022 च्या ग्रँड फायनलमध्ये (विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात) 4 गोल केले, म्हणून तो आकड्यांतही उठून दिसतो. ज्या सामन्यात असा खेळाडू केवळ धावून दमतो आणि दमवतो, त्या सामन्याचा त्याचा आलेख अन्यायाने खाली येतो.

त्याच ग्रँड फायनलमध्ये टॉम हॉकिन्सने सुरुवातीलाच सीमेवरून आत फेकलेला चेंडू रकमन (फेकलेल्या चेंडूसाठी उडी मारून झगडणारा खेळाडू) म्हणून थेट हातात पकडून दोन गोल केले होते. नकाशावर त्या गोलांचे ठिपके अगदी जवळ दिसतात आणि वाटते, सोपेच तर होते. धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला अंगाने रेटून ती जागा मिळवण्यातले कसब ठिपक्यात कसे मावणार?

सर्वांत मोठी उणीव चेंडूच्या पुरवठ्याची आहे. मधल्या फळीने चेंडू उंच आणि आंधळेपणाने पुढे टोलवला, तर फॉरवर्डला एकाच वेळी दोन-तीन बचावपटूंशी उडी मारून झगडावे लागते. ती चूक कोणाची, हे ही सेवा वेगळे काढत नाही. फॉर्मचा कल रंगीत बाणाने दाखवणाऱ्या पाच सामन्यांच्या सरासरीत मेलबर्नमधील डॉकलंड्स स्टेडियमच्या छताखालचा कोरडा चेंडू आणि भर पावसातला निसरडा चेंडू एकाच मापाने तोलले जातात, हेही खटकते.

नकाशासाठी मी वर्गणी पुन्हा भरणार आहे. पाच सामन्यांच्या सरासरीचा तो रंगीत बाण मात्र मी पहिल्या महिन्यानंतर पाहणेच सोडून दिले.