चष्म्यावर चिकटवायचं फ्रेनेल प्रिझम (डबल दिसणं थांबवणारा प्लास्टिकचा तुकडा), तीन महिने वापरून

माझं वय ४८, चष्मा आधीपासूनच, शुगर आहे पण गोळ्या कधी घेतल्या कधी राहिल्या असं चाललेलं. एका सकाळी उठले तर भिंतीवरचं घड्याळ दोन दिसलं, शेजारी शेजारी. आधीचे दोन दिवस उजव्या भुवईवर ठणका होता तो मी पित्तावर ढकललेला. हातातलं पुस्तक एकच दिसायचं पण लांबचं सगळं डबल, उजवीकडे बघितलं की आणखी फाकायचं, आणि कुठलाही एक डोळा झाकला की परत एकच.

आधी चष्म्याच्या दुकानात गेले तिथे आठवडा वाया गेला. नंबर वाढलाय म्हणाले, नव्या काचा करून दिल्या, तरी डबल ते डबलच. एक डोळा झाकल्यावर डबल जातं का एवढं जरी त्यांनी विचारलं असतं ना, तरी कळलं असतं की प्रश्न नंबरचा नाहीये, दोन डोळे एका रेषेत नाहीयेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रिझमचं नाव नंतर काढलं. आधी पापणी खाली आलीय का, बाहुली मोठी झालीय का, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी आहे का, बोलताना जीभ अडखळते का, हे सगळं विचारलं, कारण यातलं काही असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. पन्नाशीच्या पुढच्यांना चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना टाळू दुखते का हेही विचारतात म्हणे, रक्तवाहिनीला सूज असेल तर नजर जाऊ शकते. मग बीपी, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), एमआरआय. निघालं काय तर डोळा बाहेर वळवणारी सहावी नस शुगरमुळे कमजोर झालेली. बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आपली आपण भरून येते, तोपर्यंत प्रिझम लावा म्हणाले.

आता मूळ वस्तू. पातळ लवचिक प्लास्टिकचा तुकडा, जेमतेम एक मिलिमीटर जाड, त्यावर बारीक उभ्या रेघा. काचेच्या आकाराला कात्रीने कापून पाण्याखाली धरून उजव्या काचेच्या आतल्या बाजूला बसवला. तो डोळा सरळ करत नाही, समोरून येणारा प्रकाश वळवून आत, नाकाकडे वळलेल्या डोळ्याच्या नजरेत आणून सोडतो. लावला, मान वर केली, समोरच्या दाराची चौकट एक! तिथेच डोळ्यात पाणी आलं माझ्या.

डोकेदुखीचं म्हणाल तर भुवईवरचा ठणका आठवड्याभरात गेलाच होता, पण दिवसभर मान उजवीकडे वळवून आणि एक डोळा मिटून मिटून कपाळ आणि मानेची मागची बाजू जी भरून यायची ती प्रिझम लावल्यापासून निम्म्याहून कमी झाली. माझ्यासाठी हाच सगळ्यात मोठा फायदा.

त्रास पण आहेत आणि ते कोणी आधी सांगत नाही. त्या डोळ्याने धुरकट दिसतं, रात्री दिव्यांना रंगीत कडा येतात, रेघांमध्ये धूळ बसते (कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश, कपड्याने घासायचं नाही). उजवीकडे टोकाला बघितलं की डबल राहतंच, तेव्हा डोळ्याऐवजी मान वळवायची सवय लावावी लागते. पहिले दोन दिवस पायरी उतरताना हात धरायला कोणीतरी हवं. गाडी मी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत चालवली नाही.

प्रिझमची पॉवर (तो प्रकाश किती वळवतो ते) आधी १५, सहाव्या आठवड्यात नस सुधारली तसा तो काढून ८ चा लावला. प्रिझम काचेतच घडवून घेऊ का असं मी विचारलेलं, ते नको म्हणाले आणि बरोबरच होतं, दर वेळी काच बदलत बसावी लागली असती. ज्यांचा तिरळेपणा बरेच महिने तसाच राहतो त्यांना मात्र काचेतलंच घ्यावं, खूप स्वच्छ दिसतं त्यातून.

मागच्या आठवड्यात तुकडा काढला. घड्याळ एक दिसतं, फक्त खूप दमले की उजव्या टोकाला जरा सावली येते.