सोयाबीन बियाणे: स्पायरल सेपरेटर की ग्रॅव्हिटी सेपरेटर?

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवायचं, तर मळणीत फुटलेली डाळ, चपटे-सुरकुतलेले दाणे आणि काडीकचरा निघायलाच हवा. साध्या चाळणीला फक्त आकारमान कळतं. दाण्याएवढाच खडा तिच्यातून दाण्याबरोबरच जातो.

स्पायरल सेपरेटरला मोटारही नाही, वीजही नाही. मधल्या खांबाभोवती पत्र्याचा गोल घसरता जिना असतो. वरून धान्य सोडलं की गोल दाणा गडगडत वेग घेतो आणि कडेवरून बाहेरच्या पाळीत पडतो. फुटकी डाळ गडगडत नाही, घसरते. ती खांबालगतच राहते. धार मात्र बारीक हवी. जास्त माल ओतला की दाणे एकमेकांना अडवतात आणि चांगलं सोयाबीनही डाळीत जातं. कीड लागून पोकळ झालेला, पण गोल राहिलेला दाणा मात्र इथे बिनबोभाट पास होतो.

तो पकडते ग्रॅव्हिटी. तिरक्या, थरथरत्या जाळीखालून हवा येते. हलका दाणा तरंगत उताराला लागतो, जड दाणा जाळीला टेकून वर चढतो. पण माल आधी चाळून एकसारखा केलेला हवा, नाहीतर मोठा हलका आणि लहान जड दाणा एकत्रच निघतात. शिवाय वीज आणि जाणता ऑपरेटर लागतो.

दोन-चार एकरांच्या बियाण्याला माझं मत स्पायरललाच. गटाचं बीजप्रक्रिया केंद्र असेल, तर आधी स्पायरल, मग ग्रॅव्हिटी. त्यानंतर 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा. 70 तरी उगवलेच पाहिजेत.