टाकीवरचा ‘ओरिजिनल’ स्टिकर आणि त्याच्या खालचा सुपरग्लू

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात रेडियमवाल्यांकडे, म्हणजे स्टिकर लावणाऱ्यांकडे, दुचाक्यांची रांग लागते. पावसाने पेट्रोलच्या टाकीवरच्या स्टिकरची कड उठवलेली असते, आत माती शिरून काळी रेघ पडलेली असते, आणि सणाआधी गाडी नवी दिसायला हवी असते. घाईतलं गिऱ्हाईक फार प्रश्न विचारत नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

म्हापशात १५० सीसीच्या एका गाडीचं काम असंच झालं. कंपनीचा ओरिजिनल सेट १,८०० रुपये, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, ६०० रुपये, तासाभरात गाडी तयार. गाडी खरंच तासाभरात मिळाली आणि झळकतही होती. तिसऱ्या आठवड्यात पेट्रोलच्या झाकणाखालची कड सुरकुतली, गुडघा घासतो तिथे फुगे आले आणि अक्षरांभोवती धुरकट पांढरा पट्टा उमटला. मालकाने विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘पेट्रोल सांडलं असणार, त्याला आम्ही काय करणार?’

पेट्रोलने स्टिकरचा गम सुटतो, हे खरं. पण पेट्रोलने पांढरा पट्टा उमटत नाही. तो कड दाबून बसवायला खाली लावलेल्या सुपरग्लूचा आहे. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने सुकतो आणि सुकताना त्याची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढुरकी बसते. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत तर जास्तच. शिवाय सुकलेला थर काचेसारखा कडक होतो. टाकीचा पत्रा दुपारी उन्हात तापून फुगतो, रात्री आकसतो, स्टिकरचं प्लॅस्टिक, म्हणजे व्हिनाइल, त्याच्याबरोबर हलतं, पण हा थर हलत नाही, तडकतो. मग कड पुन्हा उठते, आणि या वेळी खालच्या रंगाचा पापुद्रा घेऊन उठते. एकदा आत काळी रेघ पडली की त्या जागचा गम मेला असं समजावं. त्यावर काहीही चोपडलं तरी ते मातीला चिकटतं, टाकीला नाही.

फुग्यांचं कारण वेगळं. स्वस्त व्हिनाइल रोलरमधून दाबून, ताणून काढलेलं असतं, साधारण ८० ते १०० मायक्रॉन जाड. सपाट पाटीवर ते छान बसतं. टाकीच्या गोलाईवर ताणून बसवलं की ऊन लागताच मूळ आकाराला जायला बघतं आणि कडा ओढून घेतं. दिवसभर स्टँडवर उन्हात उभ्या असणाऱ्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांच्या, गाड्यांवर हे लवकर कळतं. गोलाईसाठी लागतं ते कास्ट व्हिनाइल, सुमारे ५० मायक्रॉनचं. ते द्रवरूपात पसरून सुकवलेलं असतं, त्यामुळे त्यात आधीचा ताण नसतो. दोन्हींच्या भावात मोठा फरक आहे, आणि सगळी कमाई त्या फरकातच आहे.

‘ओरिजिनल’ ओळखायला मोबाइल पुरतो. कॅमेरा झूम करून लाल किंवा राखाडी पट्ट्याची कड बघा. रंग सलग दिसला तर बरं, पण बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो बहुधा प्रिंटरवर छापून कापलेला लोकल माल आहे. कंपनीचा स्टिकर हा रीतसर स्पेअर पार्ट असतो. त्याच्या पाकिटावर पार्ट नंबर आणि एमआरपी असते, आणि डाव्या-उजव्या बाजूचे नंबर बहुधा वेगळे असतात. तो नंबर शोरूमच्या स्पेअर काउंटरवर विचारून घ्यावा. पाकीट मात्र आपल्यासमोरच फोडायला लावायचं, कारण रिकामं खरं पाकीट दाखवून आतून लोकल माल काढणं ही जुनी हातचलाखी आहे. एमआरपीत कर धरलेला असतो. वर जीएसटी मागितला तर तिथेच थांबावं.

आता लॅकर. तासाभरात मारलेलं लॅकर म्हणजे स्प्रेचा डबा. त्यात हार्डनर, म्हणजे थर पक्का करणारं रसायन, सहसा नसतो, म्हणून पेट्रोलचा थेंब पडला की ते मऊ पडतं. त्यातलं थिनर छापील शाईही चुरगळतं. झाकणाखालची कड आधी सुरकुतली ती यामुळे. हार्डनर घातलेलं लॅकर पेट्रोल सोसतं, पण त्याआधी ८०० ते १००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून घासणं, मास्किंग (बाकीचा भाग टेपने झाकणं) आणि नंतर निदान एक रात्र सुकवणं लागतं. हे पेंटरचं काम आहे, रेडियमवाल्याचं नव्हे.

सौदा ठरवण्याआधी जुन्या स्टिकरच्या कडेवरून नख फिरवा. नख अडलं तर स्टिकर वर आहे, निघेल. अजिबात अडलं नाही तर तो कंपनीच्याच लॅकरखाली आहे. तो सोलून निघत नाही, खरवडला तर रंग जातो. अशा टाकीवर जुन्यावरच नवा चिकटवून ‘बदलला’ म्हणून पैसे घेतात. नंतर नख फिरवलं की दुहेरी पायरी हाताला लागते.

निघणारा स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून, टाकीला जवळजवळ समांतर, सावकाश ओढायचा. राहिलेला गम रॉकेलने भिजवून पुसायचा, मग साबणपाण्याने रॉकेलचा तेलकटपणा घालवायचा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. प्लॅस्टिकच्या साइड पॅनलवर थिनर मुळीच नको, चमक कायमची जाते. एवढंच नीट करायला तास जातो. ज्याने तासात सगळं संपवलं, त्याने यातलं काहीतरी गाळलं.

बसवताना टाकी थंड आणि सावलीत हवी, बाहेर सर येण्याची चिन्हं नकोत. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे तीन-चार थेंब घालून फवारायचं, स्टिकर जागेवर सरकवायचा, फडकं गुंडाळलेल्या स्क्वीजीने, म्हणजे चपट्या पट्टीने, मधून कडेकडे पाणी काढायचं. स्टिकर धरून ठेवणारा वरचा कागद अर्ध्या तासाने, उलटा दुमडून ओढायचा. बारीक फुगा राहिलाच तर कडेला सुई टोचून दाबा, ब्लेड लावू नका. दोन दिवस गाडी धुवायची नाही आणि टाकी काठोकाठ भरायची नाही.

फसवणूक झालीच असेल तर आधी फोटो, मग तक्रार. बिलावर नुसतं ‘स्टिकर काम’ लिहिलेलं असलं तर पुढे पंचाईत होते, म्हणून पैसे देतानाच पार्ट नंबर आणि ‘लॅकर, हार्डनरसह’ असं लिहून घ्यावं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दुकानदार ‘आणा, काढून देतो’ म्हणाला तरी त्याला ॲसिटोन लावू देऊ नका. सुपरग्लू विरघळतो, त्याच्याबरोबर रंगही.

म्हापशाच्या त्या टाकीवर दुकानाने नेमकं तेच केलं. आता डाव्या बाजूला तळहाताएवढ्या जागेत रंगाखालचा प्रायमर दिसतो, आणि टाकी पेंटरकडे आहे.