टास्मानियातील सहा दिवसांचा ट्रेक: सहा महिन्यांनंतरचा अनुभव आणि बुटांची हकिगत

ज्या बुटांच्या भाड्यावरून ट्रेक कंपनीशी माझा पत्रव्यवहार चालू होता, त्या भाड्याची निम्मी रक्कम गेल्या महिन्यात परत मिळाली. व्यवहार मिटल्याशिवाय अभिप्राय लिहायचा नाही असे मी ठरवले होते, म्हणून मार्चमधल्या सहलीबद्दल सप्टेंबरात लिहीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या लॉन्सेस्टन शहरातून निघून क्रेडल माउंटनच्या परिसरात तीन दिवस, मग पूर्व किनाऱ्यावर फ्रेसिने आणि शेवटी मराया बेट, हा कार्यक्रम अशा सहलींची चौकशी केलेल्यांना ठाऊक असतो. त्यामुळे दिवसवार वर्णन करत नाही. मुलगी मेलबर्नला असल्यामुळे तिथपर्यंतचा प्रवास आम्हा उभयतांना तसाही करायचा होता, एवढे खर्चाचा हिशोब मांडताना लक्षात घ्यावे.

दुसऱ्या दिवशी मॅरियन्स लुकआउटच्या चढणीवर, जिथे साखळी धरून वर जावे लागते, तिथे माझ्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला. दुपारी डाव्याचाही सुटला. बूट चांगल्या प्रतीचे होते, नऊ वर्षांपूर्वी घेतले होते आणि जेमतेम दोनदा वापरले होते. आमची गाईड तिशीच्या आतली मुलगी होती. तिने पिशवीतून दोरी आणि रुंद चिकटपट्टी काढून सोल बांधून दिला, गाडीपर्यंत मला सावकाश उतरवले आणि संध्याकाळी माझ्या मापाचे दुसरे बूट आणून दिले. त्याच संध्याकाळी त्या बुटांचे भाडे म्हणून 90 ऑस्ट्रेलियन डॉलर माझ्या नावावर लागले, म्हणजे आपले सुमारे 5,000 रुपये. एवढ्या पैशांत बेळगावात नवे बूट येतात, हा विचार पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

कारण गाईडने सांगितले आणि ते विज्ञानाला धरून आहे. अशा बुटांच्या तळाचा मधला मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतील ओलावा त्या थरात शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो आणि काही वर्षांनी तो थर भाकरीच्या चुऱ्यासारखा होतो. वापरात असलेले बूट त्या मानाने जास्त टिकतात. पिशवीत बांधून ठेवलेले बूट वरून नवे दिसतात आणि आतून संपलेले असतात. आमच्या टिळकवाडीच्या घरात जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. त्या घराच्या माळ्यावर मी हे बूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून नऊ पावसाळे ठेवले होते. ओलावा बाहेर राहावा म्हणून बांधलेल्या पिशवीने तो आतच धरून ठेवला.

हे सर्व मान्य करूनही माझी तक्रार कायम आहे. कंपनीने पाठवलेली सामानाची यादी चार पानांची होती. त्यात लोकरी मोज्यांचे किती जोड आणावेत हे होते, टोपीच्या कडेची रुंदी होती, बूट पायाला सरावलेले असावेत हेही होते. परंतु बूट किती जुने आहेत हे तपासा, अशी एक ओळ नव्हती. पाहुण्यांचे सोल वाटेत सुटतात हे गाईडला ठाऊक होते, म्हणून तर गाडीत निरनिराळ्या मापांचे बूट तयार होते. जी अडचण वारंवार येते तिचे भाडे आकारायचे आणि तिची आगाऊ सूचना मात्र द्यायची नाही, हे मला अजूनही पटत नाही.

बुटांचाच दुसरा विषय म्हणजे ते धुणे. पायवाटेच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाचा फवारा असलेले ठाणे आले की गाईड आम्हा आठही जणांना थांबवून सोलच्या खाचांतली माती काढायला लावत असे, आणि ठाणे नसले तर स्वतःच्या पिशवीतला ब्रश पुढे करत असे. ऑस्ट्रेलियात उतरताना बुटांना लागलेली माती जाहीर करावी लागते, टास्मानियाच्या विमानतळावर ताज्या फळांसाठी पिशव्या हुंगणारे कुत्रे असतात. त्यावर पुन्हा हे रोजचे धुणे मला जाच वाटले होते. घरी परतल्यावर लगेच अभिप्राय लिहिला असता, तर या एका गोष्टीसाठी मी नक्कीच गुण कापले असते.

माझे मत फ्रेसिनेला बदलले. वाईनग्लास बेच्या खिंडीकडे निघण्यापूर्वी मी कंटाळून कारण विचारले, तेव्हा गाईडने फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंच्या कुळाचे नाव घेतले. मी कडोलीच्या बटाटा पिकवणाऱ्या घरातला आहे. आमच्याकडे पावसाळी बटाट्यावर येणारा करपा, 1845 पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ पाडणारा करपा आणि सुपारीच्या बागांतला कोळेरोग ही सारी याच कुळाची करणी आहे. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थच वनस्पतींचा नाश करणारा असा होतो. टास्मानियातली जात सिनामोमी. 1922 साली सुमात्रात दालचिनीच्या झाडांवरील रोगाच्या अभ्यासातून तिचे पहिले वर्णन झाले. आपला करपा मुख्यतः रोगट बियाण्यातून, वाऱ्यातून आणि पावसातून पसरतो, त्यामुळे बूट धुऊन त्याला अडवता येत नाही. सिनामोमी मात्र मुळे कुजवते, ओल्या मातीत तिचे बीजाणू पोहतात आणि चिखलाबरोबर ती मैलोन् मैल जाते; एकदा एखाद्या माळरानात शिरली की तिथून तिला काढण्याचा उपाय नाही. हे ऐकल्यावर मी माझे, पत्नीचे आणि पुढे दोन सहप्रवाशांचेही बूट धुतले. ज्याने हिरवे शेत चार दिवसांत काळे पडलेले पाहिले आहे, त्याला या ब्रशाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही. गाईडने हे पहिल्याच सकाळी सांगितले असते तर माझे तीन दिवस चिडचिडीत गेले नसते.

बाकी सहलीविषयी थोडक्यात. क्रेडल माउंटन 1,545 मीटर उंच, काळ्या डोलेराइटच्या उभ्या खांबांचा डोंगर आहे आणि फ्रेसिनेचे हॅझर्ड्‌स डोंगर गुलाबी ग्रॅनाइटचे. सह्याद्रीचा बेसॉल्ट पायाखाली असलेल्या माणसाने दोन्ही खडकांना हात लावून पाहावा. दलदलीवरून जाणाऱ्या फळ्यांच्या वाटेवर चालणे सोपे वाटते, पण पाऊस पडला की त्या फळ्या निसरड्या होतात. तिथले काळे करावाँग पक्षी चोचीने पिशवीची चेन उघडतात. आमच्या एका सहप्रवाशाचा खाऊ असाच गेला, त्यामुळे चेनीची दोन्ही टोके एकमेकांना बांधून ठेवावीत. मराया बेटावर दुकान नाही, पर्यटकांची वाहने नाहीत, कचरा आपला आपण परत आणायचा. डार्लिंग्टनच्या जुन्या कैदी वसाहतीच्या इमारतींजवळ वॉम्बॅट नावाचे ठेंगणे, लठ्ठ प्राणी इतके निवांत चरत होते की माझी पत्नी तासभर तिथून हलली नाही. पेंटेड क्लिफ्सचे लोहाने रंगलेले वालुकाश्म ओहोटीच्या वेळी पाहावेत. गाईडने वेळ अचूक साधली होती. शाकाहारी जेवण पोटभर मिळाले, परंतु सहाही दिवस भोपळा आणि काबुली चणेच होते. सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी तिसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून संपवली.

परत आल्यावर सुटलेले बूट टाकून द्यावेत असे घरात सर्वांचे मत होते. मी ते शहापुरातल्या आमच्या नेहमीच्या चर्मकारांकडे नेले. त्यांनी तो चुरा झालेला थर पूर्ण खरवडून काढला, जाड रबराचा नवा सोल चिकटवला आणि कडेने शिवून दिला. खर्च 650 रुपये. त्या बुटांनी मे महिन्यात बेळगावजवळचा राजहंसगड आणि जुलैत भर पावसात जांबोटीजवळच्या वज्रपोहा धबधब्याची वाट चालून पाहिली. सोल थोडा कडक आहे, उतारावर टाच दुखते, पण शिवण कुठेही उसवलेली नाही. आता ते बूट माळ्यावर जात नाहीत. उघड्या मांडणीवर राहतात आणि आठवड्यातून एकदा तरी पायात येतात. जंगलातून आल्यावर ते धुतल्याशिवाय मी कडोलीच्या शेतात पाऊल टाकत नाही. दादाला ही सवय पटलेली नाही. तरीही यंदा त्याने बांधावर पाण्याची बादली आणि ब्रश ठेवला आहे.

ज्यांना जायचे आहे त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी बुटाच्या मधल्या थरात अंगठ्याचे नख दाबून पाहावे. भेग पडली किंवा भुसा निघाला, तर ते बूट तिकडे नेऊ नयेत. वरून थर शाबूत दिसला तरी चार-पाच दिवस दगडधोंड्यांतून चालून पाहावे, कारण सोल सुटायचाच असेल तर तो राजहंसगडाच्या पायथ्याशी सुटलेला बरा. सहलीचा एकूण खर्च आमच्या ऐपतीला जड होता. असे असूनही गाईडचे ज्ञान आणि तिने घेतलेली काळजी यांसाठी तो मला आज योग्य वाटतो. भाड्याबाबत मी पाच पत्रे लिहिली. पहिल्या तिन्हींना ठरावीक उत्तर आले, चौथ्याला आलेच नाही, आणि पाचव्यात मी यादीची चारही पाने जोडून त्यांत बुटांच्या वयाचा उल्लेख दाखवा असे विचारल्यावर 45 डॉलर परत आले. यादीत ती ओळ घालू असे त्यांनी तेव्हा कळवले होते. काल मी नवी यादी मागवून पाहिली. ती ओळ त्यात नाही, म्हणून सहावे पत्र लिहिले आहे.