केवलादेव राष्ट्रीय उद्यान, भरतपूर : सकाळच्या फेरीचा अभिप्राय

भरतपूरला जाणारे बहुतेक मराठी पर्यटक आग्रा–जयपूर सहलीच्या अधल्यामधल्या वेळात केवलादेव उरकतात. न्याहारी आटोपून, साडेनऊ-दहाला फाटकाशी उतरून, तासाभरात ‘काय दिसते ते’ पाहून गाडीत परत बसणे, असा त्यांचा क्रम असतो. असे करायचे असेल तर न गेलेलेच बरे. हे पक्ष्यांचे उद्यान सूर्योदयाला उघडते आणि त्यानंतरचे तीन-चार तासच तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल करून देतात. त्यामुळे आदल्या रात्री भरतपुरातच मुक्काम करावा. कोटा–मथुरा मार्गावरच्या अनेक गाड्या भरतपूर स्थानकावर थांबतात आणि स्थानकापासून उद्यान अगदी जवळ आहे.

जेमतेम 29 चौरस किलोमीटरच्या या आवारात साधारण एक तृतीयांश पाणथळ आणि बाकीचे रान व गवताळ जमीन अशी वाटणी आहे. साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद झालेली आहे. फाटकापासून केवलादेवाच्या देवळापर्यंत सरळ, सपाट रस्ता जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना बाभूळ, कळंब आणि गवत असलेले कोरडे रान लागते आणि पुढे बांधांनी विभागलेली उथळ तळी सुरू होतात. दुचाकी-चारचाकी वाहने आत दूरवर जाऊ देत नाहीत. पुढचा प्रवास पायी, भाड्याच्या सायकलीने किंवा रिक्षाने करावा लागतो. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत, पण मत विचाराल तर सायकलरिक्षाच घ्यावी. ती हळू चालते, हवे तेथे क्षणात थांबते, आणि ती ओढणारा मनुष्य बहुधा वर्षानुवर्षे याच रस्त्यावर पक्षी दाखवत आलेला असतो. तासाचा दर फाटकावर ठरवून दिलेला असल्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. दुर्बीणही त्यांच्याकडे भाड्याने मिळते, मात्र निघण्यापूर्वी ती डोळ्यांना लावून तपासून घ्यावी.

आमच्या रिक्षावाल्या भैयाजींनी कोरड्या रानातच पहिली थांबण्याची खूण केली. हात न उंचावता त्यांनी नुसत्या हनुवटीने बाभळीची एक ढोली दाखवली, आणि सालीच्याच रंगाची पिंगळ्यांची जोडी दिसायला बराच वेळ लागला. प्रशिक्षित मार्गदर्शक वेगळा घेता येतो आणि पक्षिनिरीक्षणाचा छंद गंभीरपणे करणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. पण नवख्या कुटुंबाला जाणता रिक्षावाला पुरेसा होतो. पक्ष्यांची इंग्रजी नावे ही मंडळी सफाईने सांगतात. मराठी नावे मात्र आपली आपण पाठ करून जावी लागतात.

पाण्याशी पोहोचल्यावर रिक्षा सोडून बांधावरून चालावे. थंडीत तलवार बदके, थापटे, चक्रवाक आणि पट्टकादंब यांची दाटी असते. सारसांची जोडी बहुधा दूरच्या गवतात दिसते. सर्वाधिक वेळ द्यावा तो चित्रबलाकाला. अर्धी उघडलेली पिवळी चोच पाण्यात बुडवून तो ती संथपणे डावीकडून उजवीकडे फिरवतो, एका पायाने तळाचा गाळ ढवळतो, मध्येच एक पंख झटक्यात उघडून मिटतो, आणि चोचीला मासा नुसता लागला की ती मिटते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसल्याने तो स्पर्शावर शिकार करतो, हे येथे पंधरा-वीस पावलांवरून स्वच्छ पाहता येते. जवळच जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब पायाच्या लांब बोटांत धरून, चोचीशी नेऊन, कुरतडत असते.

हे सगळे नैसर्गिक वाटले तरी येथले पाणी माणसाने आणलेले आहे. अठराव्या शतकात भरतपूरचा राजा सूरजमल याने गंभीरी आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमावर अजान बांध घातला. पुढे संस्थानिकांनी या खोलगट जागेचे बदकांच्या शिकारीसाठी रान केले. देवळाजवळच्या दगडी फलकांवर त्या शिकारींचे हिशेब कोरलेले आहेत. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत 4,273 पक्षी मारले गेल्याची नोंद तेथे वाचता येते. पक्षी पाहून आल्यावर हा फलक वाचणे जड जाते, तरी तो चुकवू नये. 1981 मध्ये ओडिशातील चिलिका सरोवराबरोबर भारतातील पहिल्या रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आणि 1985 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत या जागेचा समावेश झाला. 1982 मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली तेव्हा झालेल्या गोळीबारात काही ग्रामस्थांचा जीव गेला. आणि चराई थांबल्याने गवत माजून उघडे पाणी कमी होते, असा निष्कर्ष पुढे मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या दीर्घ अभ्यासातूनच निघाला. या इतिहासाविषयी फाटकाजवळच्या माहिती केंद्रापेक्षा गावातली वयस्क माणसे अधिक सांगतात.

सायबेरियन क्रौंचाच्या आशेने कोणी जाऊ नये. त्याची शेवटची जोडी 2001–02 च्या हिवाळ्यात येथे आली होती. पाण्याचेही भरवशाचे नाही. पाऊस कमी झाला आणि वरच्या धरणातून पाणी सुटले नाही, तर तळी कोरडी पडतात, म्हणून आरक्षणापूर्वी पाण्याची चौकशी जरूर करावी. गोंगाट हा दुसरा त्रास. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणारे छायाचित्रकार भेटतात, आणि सुट्टीच्या दिवशी सहलींच्या बसगाड्या आल्यावर बांधावर उभे राहणेही नको होते. सोमवार ते गुरुवार हा काळ त्यामानाने शांत असतो.

घरट्यांतली चित्रबलाकांची पिल्ले पाहायची असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. बदकांसाठी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत धुके दाट असते, आठ वाजेपर्यंत दुर्बिणीतून काहीच दिसत नाही आणि रिक्षात बसून हात गारठतात. त्या दिवसांत हातमोजे न्यावेत आणि दुपारपर्यंत थांबावे, कारण ऊन वर आल्यावर बिळांपाशी पहुडलेले अजगर याच हंगामात दिसतात. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना नेण्यास हरकत नाही, रस्ता सपाट आहे. खाण्यापिण्याची सोय आत बेताची असल्याने पाणी आणि थोडी न्याहारी सोबत ठेवावी.