बेलर विद्यापीठाची तक्रार-निवारण सेवा : एक परीक्षण

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलामुलींचे पालक विद्यापीठ निवडताना क्रमवारी पाहतात, शुल्क पाहतात, वसतिगृहाची छायाचित्रे पाहतात, आणि जवळपास भारतीय किराणा मिळतो का याचीही चौकशी करतात. त्याच शुल्कातून चालणाऱ्या एका सेवेची विचारपूस मात्र सहसा कोणी करत नाही. कॅम्पसवर लैंगिक अत्याचार झाला तर तक्रार कोणाकडे जाते, ती नोंदवून घेणारा कोणाला उत्तरदायी असतो, आणि आरोपी विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघातला नामवंत खेळाडू असेल तर त्या तक्रारीचे पुढे काय होते, हे प्रश्न प्रवेशाच्या धामधुमीत मागे पडतात. टेक्सासमधील वेको शहरातल्या बेलर विद्यापीठात ही सेवा कशी चालली याच्या सार्वजनिक नोंदी भरपूर उपलब्ध असल्यामुळे परीक्षणासाठी तेच विद्यापीठ निवडले आहे.

ही सेवा विद्यापीठाच्या मर्जीचा भाग नाही. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानुसार केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई आहे आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीकडे काणाडोळा करणे हाही भेदभावच मानला जातो. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ लावताना असे ठरवले की, एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा गंभीर छळ केल्याचे संस्थेला प्रत्यक्ष माहीत असूनही तिने जाणूनबुजून बेपर्वाई केली, तरच तिच्याकडून भरपाई मागता येते. माझ्या मते या सेवेतली खरी मेख इथेच आहे. जबाबदारी ‘माहीत असण्या’वर टेकलेली असली की, ज्यांना सामने जिंकायचे आहेत त्यांना योग्य कार्यालयाच्या कानावर काहीच न जाणे सोयीचे ठरते. बेलरमध्ये नेमके हेच घडले.

बाप्टिस्ट पंथाचे हे विद्यापीठ १८४५ चे. फुटबॉलमध्ये त्याला फारसे कोणी विचारत नव्हते. आर्ट ब्राइल्स यांनी २००८ च्या हंगामापासून प्रशिक्षकपद सांभाळले, २०११ मध्ये संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मानला जाणारा हाइजमन पुरस्कार मिळाला, आणि २०१३ व २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘बिग ट्वेल्व्ह’ या विद्यापीठ-गटाचे विजेतेपद बेलरकडे आले. ब्राझोस नदीच्या काठी सुमारे २६ कोटी ६० लाख डॉलर खर्चून बांधलेले नवे स्टेडियम २०१४ मध्ये सुरू झाले. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी हाताळणारा पूर्णवेळ समन्वयक विद्यापीठाने पहिल्यांदा नेमला तो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. तोपर्यंत हे काम इतर जबाबदाऱ्या सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे वरकड म्हणून सोपवलेले होते. कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करण्याचे बंधन १९९० च्या क्लेरी कायद्याने घातलेले आहे. बेलरने २००८ ते २०११ या चारही वर्षांत लैंगिक अत्याचाराच्या रकान्यात शून्य दाखवले होते. हजारो तरुण मुले-मुली राहतात अशा ठिकाणी सलग चार वर्षे शून्य आकडा येतो, तेव्हा तो सुरक्षिततेचा नसून नोंदवहीच्या अवस्थेचा पुरावा असतो, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल.

संघातल्या एका माजी खेळाडूला जानेवारी २०१४ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी प्रकरणे बाहेर आल्यावर विद्यापीठाने २०१५ मध्ये फिलाडेल्फियाच्या पेपर हॅमिल्टन या विधी-संस्थेला चौकशीसाठी नेमले. मे २०१६ मध्ये चौकशी संपली आणि हाती आला तो तेरा पानांचा सारांश. संपूर्ण लेखी अहवाल तयारच झाला नाही, कारण विश्वस्तांना निष्कर्ष तोंडी सांगण्यात आले. ज्या सेवेचा मुख्य दोष काहीही कागदावर न आणणे हा होता, तिच्या चौकशीनेही तोच शिरस्ता पाळावा, हा घरचा आहेरच म्हटला पाहिजे.

तरीही ती तेरा पाने वाचण्यासारखी आहेत. काही प्रशासकांनी तक्रारदारांना तक्रार करण्यापासून थेट परावृत्त केले आणि एका प्रकरणात तर तक्रार केल्याबद्दल तक्रारदारावरच सूड उगवला गेला, असे त्यांत नोंदवले आहे. फुटबॉल विभागातील मंडळी कोणतेही प्रशिक्षण नसताना आपापल्या पातळीवर चौकशा करत, तक्रारदारांशी किंवा त्यांच्या पालकांशी परस्पर बोलत, आणि ती माहिती संबंधित कार्यालयापर्यंत पोहोचू देत नसत. फुटबॉल हा नियमांच्या वर आहे, अशी समजूत त्यातून तयार झाली.

एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. विश्वस्तांनी नंतर न्यायालयात सादर केलेल्या निवेदनानुसार, २०१३ मध्ये एका महिला खेळाडूने आपल्या प्रशिक्षकाला सांगितले की, फुटबॉल संघातील अनेक खेळाडूंनी मिळून आपल्यावर अत्याचार केला. त्या प्रशिक्षकाने आरोपींची नावे घेऊन ब्राइल्स यांना गाठले, आणि क्रीडा संचालकांच्याही कानावर हा प्रकार घातला. म्हणजे तक्रार तोंडी दिली गेली, नावे दिली गेली, आणि विद्यापीठाच्या सर्वांत वजनदार विभागाच्या प्रमुखांपर्यंत ती पोहोचली. शिस्तपालन विभागाकडे मात्र ती गेली नाही. प्रत्येकाने आपल्यापेक्षा वरच्या माणसाला सांगितले आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. ब्राइल्स यांनी या आरोपांचा प्रतिवाद केला आहे, आणि २०२३ च्या एका खटल्यात न्यायाधीशांनी त्यांच्यावरील व क्रीडा संचालकांवरील निष्काळजीपणाचे दावे फेटाळले, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्याच खटल्यात ज्युरीने विद्यापीठाला मात्र निष्काळजी ठरवले आणि एका माजी विद्यार्थिनीला २ लाख ७० हजार डॉलर देण्याचा निवाडा दिला. व्यक्ती सुटल्या, संस्था अडकली. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण दोष सेवेच्या रचनेतही होता.

त्या रचनेचा दुसरा भाग धार्मिक शिस्तीचा. मद्यपान आणि विवाहपूर्व संबंध यांना आचारसंहितेत मनाई असल्यामुळे, पार्टीत दारू प्यायलेल्या मुलीने अत्याचाराची तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःच्या नियमभंगाची कबुली द्यायची, असा प्रकार होता. चौकशीनेही आचारसंहितेच्या या कडक अंमलबजावणीला तक्रारीतला अडथळा म्हटले. तक्रारदाराला अशा किरकोळ उल्लंघनासाठी अभय देण्याची तरतूद जिथे लेखी स्वरूपात नाही, तिथे बाकी सेवा कितीही चकचकीत असली तरी तिचा उपयोग नाही.

हिशेब कोणी चुकता केला, हेही पाहावे. ब्राइल्स यांना पदावरून दूर करण्यात आले. अध्यक्ष केन स्टार, म्हणजे बिल क्लिंटन यांच्यावरील चौकशीमुळे जगाला माहीत झालेले तेच स्टार, पदावरून हटवले गेले. क्रीडा संचालकांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत दुसऱ्या विद्यापीठात तेच पद मिळवले. ब्राइल्स यांना करार संपवताना मिळालेली रक्कम सुमारे दीड कोटी डॉलर होती. ज्या समन्वयकाला पहिल्यांदा पूर्णवेळ नेमले, तिने काम करू दिले जात नसल्याचा आरोप करत ऑक्टोबर २०१६ मध्ये राजीनामा दिला. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएएने २०२१ मध्ये निकाल दिला तेव्हा दंड होता पाच हजार डॉलर आणि इतर काही निर्बंध, आणि तोही प्रामुख्याने अन्य नियमभंगांसाठी. विद्यापीठाचा बचाव असा होता की, आमचे अपयश नैतिक आहे, पण ते संपूर्ण कॅम्पसभर सारखे होते, फुटबॉलपटूंना काही वेगळी सवलत नव्हती, म्हणून खेळाच्या नियमांचा भंग झाला नाही. एनसीएएच्या समितीने अत्यंत नाखुशीने तो मान्य केला. सगळ्यांकडेच दुर्लक्ष केले म्हणून कोणावर मेहेरबानी झाली नाही, हा युक्तिवाद ग्राहक मंचात कोणी केला असता तर हशा पिकला असता.

बेलर हा अपवाद आहे, असे मानायला मात्र जागा नाही. लुइझियाना राज्य विद्यापीठाबाबत मार्च २०२१ मध्ये आलेल्या स्वतंत्र अहवालात तक्रार कार्यालयात माणसेच पुरेशी नव्हती असे आढळले, आणि क्रीडा विभागातील दोन अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती तीस व एकवीस दिवसांच्या बिनपगारी निलंबनाची. फ्लोरिडा राज्य विद्यापीठात तर डिसेंबर २०१२ मधील तक्रारीची विद्यापीठातील सुनावणी डिसेंबर २०१४ मध्ये झाली. मधल्या काळात आरोपी खेळाडूने हाइजमन पुरस्कारही जिंकला. त्याने आरोप नाकारला, त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही आणि सुनावणीतही तो जबाबदार ठरला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण दोन वर्षे लागणे दोघांवरही अन्यायकारक होते, आणि विद्यापीठाने २०१६ मध्ये साडेनऊ लाख डॉलर देऊन तक्रारदार तरुणीचा दावा मिटवला.

उलट बाजूचे उदाहरण ड्यूक विद्यापीठाचे. २००६ मध्ये लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळण्याचा खेळ) संघातील तिघांवर बलात्काराचा आरोप झाला, विद्यापीठाने उरलेला हंगामच रद्द केला, आणि २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी ते तिघे निर्दोष असल्याचे जाहीर केले. सरकारी वकिलाची सनद रद्द झाली. नामवंत खेळाडूंना वाचवण्याची जी घाई असते, तिच्यासारखीच दुसरी घाई त्यांना शिक्षा करून मोकळे होण्याची असू शकते. वेळेवर, तटस्थ माणसाकडून, लेखी चौकशी झाली तर तिचा फायदा निरपराध आरोपीलाही होतो, म्हणून या सेवेच्या दर्जाचा प्रश्न एका बाजूचा नाही.

आजच्या बेलरविषयी बोलायचे तर चित्र बदलले आहे. चौकशीअंती आलेल्या १०५ शिफारशी रचनेच्या पातळीवर अमलात आणल्याचे विद्यापीठाने मे २०१७ मध्ये जाहीर केले. त्यानंतर लगेच लिंडा लिव्हिंगस्टन यांच्या रूपाने विद्यापीठाला पहिल्या महिला अध्यक्ष मिळाल्या. क्लेरी कायद्याच्या उल्लंघनांबद्दल शिक्षण खात्याने २०२० मध्ये सुमारे ४ लाख ६० हजार डॉलरचा दंड केला. कायद्याची चौकटही स्थिर नाही. टायटल नाइनच्या २०२० च्या नियमांनी समोरासमोर सुनावणी आणि सल्लागारामार्फत उलटतपासणी आणली, २०२४ च्या नियमांनी ती सैल केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने २०२४ चे नियम रद्द केल्यामुळे पुन्हा २०२० ची पद्धत लागू झाली. त्यात चौकशी किती दिवसांत संपवावी याचे बंधन नाही. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नव्वद दिवसांची मुदत आहे आणि अंतर्गत समितीवर बाहेरचा सदस्य घ्यावा लागतो. अंमलबजावणी कशी होते ते आपण जाणतोच, पण निदान मुदतीवर बोट ठेवता येते.

गुणांकन करायचे तर २०११ ते २०१५ या काळातल्या सेवेला शून्य, आणि आजच्या सेवेला पाचपैकी अडीच. उरलेले अडीच गुण राखून ठेवण्याचे कारण एकच: क्रीडा विभागाला आलेली माहिती तक्रार कार्यालयाकडे गेली की नाही हे बाहेरच्या माणसाला आजही तपासता येत नाही. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या फुटबॉल विद्यापीठात मुलीला किंवा मुलाला पाठवताना आधी वार्षिक सुरक्षा अहवाल उघडावा, जो दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत जाहीर करावा लागतो, आणि मग प्रवेश कार्यालयाला ईमेल करून तीन गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षकाला अत्याचाराची माहिती मिळाली तर ती तक्रार कार्यालयाला कळवणे त्याला बंधनकारक आहे का, न कळवल्यास शिक्षा काय, आणि तक्रार कार्यालयाचा प्रमुख क्रीडा संचालकाला वगळून थेट अध्यक्षांना उत्तरदायी आहे का. उत्तरादाखल धोरणाच्या पुस्तिकेची लिंक आली तर पुन्हा विचारावे, आणि या वेळी पान क्रमांक मागावा.