‘ना’ न कळणारं भाषांतराचं ॲप: सहा महिने वापरल्यानंतर

पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा फक्त जपानीसाठी.

मी उपशीर्षकं लिहिते. पडद्यावरची माणसं मराठीत बोलतात आणि खाली जी इंग्रजी ओळ येते, ती माझी. अकरा वर्षं सगळं स्वतः केलं. सहा महिन्यांपूर्वी मान आणि मनगट दोन्ही बोलायला लागल्यावर ठरवलं की पहिला खर्डा ॲपनं करावा आणि आपण त्यावर हात फिरवावा. ॲपचं नाव लिहीत नाही. शोधायला गेलात तर पहिल्या चार-पाचांत भेटेल, आणि जी तक्रार मी करणार आहे ती त्याच्या शेजाऱ्यांनाही बहुधा लागू पडेल.

प्रसंग असा. बाप बॅग उचलून निघालाय, मुलगी दाराशी उभी आहे. ती म्हणते, “बाबा, थांबा ना.” तीन शब्द, दीड सेकंद. ॲपनं ओळ दिली, “डॅड, डोन्ट स्टॉप.” खर्डा तपासताना माझ्या नजरेतून ती निसटली, कारण वाक्य म्हणून तिच्यात काहीच चुकीचं नव्हतं. रात्री पावणेबाराला शेवटची फेरी मारताना चित्रासकट पाहिलं. बाप वळतो, बॅग खाली ठेवतो, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो आणि खाली ओळ सांगतेय की थांबू नका. ओळ दुरुस्त केली, फाइल पाठवली, पण झोप गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी मी ॲपला सरळ परीक्षेलाच बसवलं. वाक्य दिलं: “मुलांना सांग ना, ना म्हणू नका.” मराठी कानाला यात काहीच अवघड नाही. पहिला ‘ना’ मुलांना चिकटलेला चतुर्थीचा प्रत्यय. दुसरा आर्जवाचा. तिसरा रोखठोक नकार. ॲपनं प्रत्यय बरोबर ओळखला आणि उरलेल्या दोघांना एकाच दावणीला बांधलं. मुलांना नाही म्हणून सांगा, नाही म्हणू नका, असं काहीसं इंग्रजी बाहेर आलं.

मग “दार उघडेना” दिलं. हे जमलं. “उघडं असेना का!” दिलं, तर प्रश्न आला, दार उघडं का नाही? इथे ‘ना’ नकाराच्या वेषात चक्क परवानगी देतो, हे कुणी शिकवल्याचं मलाही आठवत नाही. जुन्या छापील मजकुराचा फोटो काढून टाकला, त्यात ‘ना. गोखले’ होतं. ते झालं ‘नो. गोखले’. मराठीत नामदारांना ‘ना.’ लावतात आणि ना. ग. गोऱ्यांच्या ‘ना.’मध्ये नारायण असतो, हे त्याच्या गावी नाही. एवढ्यावरून मी तारे कापले नाहीत. असल्या संक्षेपांवर माणसंही अडतात.

आता ॲपची जी बाजू मला खरंच आवडली, ती सांगते. यात भाषा न सांगता नुसता शब्द टाकायची सोय आहे. तो कुठल्या भाषेतला, हे ॲपच ओळखतं. मी रोमन लिपीत ‘ना’ टाकला. ॲप म्हणालं, पोर्तुगीज. अर्थ ‘मध्ये’. तिथे ‘एं’ म्हणजे मध्ये, आणि ‘आ’ हे स्त्रीलिंगी नामाआधी येणारं उपपद. दोघांचा संधी होऊन ‘ना’ होतो, म्हणजे ‘ना काझा’ म्हटलं की घरात. सिरिलिक लिपीत टाकला तर रशियन ‘वर’. टेबलावर, भिंतीवर, त्यातला वर. पण हाच रशियन ‘ना’ हात पुढे करून म्हटला की अर्थ होतो, घे! ॲपनं हाही अर्थ खाली बारीक अक्षरांत दिला होता, त्याबद्दल शाबासकी. माईकवर नुसता ‘ना’ म्हटलं तर ते कोरियन समजलं आणि ‘मी’ असं उत्तर आलं. सूर चढवून म्हटलं तर चिनी ‘उचल, घे’, झटक्यात उतरवून म्हटलं तर चिनी ‘ते’. स्वाहिलीत ‘आणि’ किंवा ‘सोबत’. स्वाहिलीत ‘माझ्याकडे आहे’ यासाठी ‘नीना’ म्हणतात, शब्दशः ‘मी-सोबत’. मालकी सांगायला वेगळं क्रियापद नाही. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ म्हणणाऱ्या आपल्याला ते पटकन कळतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते समजायला एक दुपार लागत असेल.

बल्गेरियनचा ‘ना’ पाहून मी खुर्चीत ताठ बसले. ‘ना देत्साता’ म्हणजे मुलांना. तोच ‘ना’, तेच काम, फक्त आपल्याकडे मागून येतो आणि त्यांच्याकडे पुढून. ॲपच्या ‘नातेवाईक शब्द’ या खणात मराठी ‘-ना’ आणि बल्गेरियन ‘ना’ शेजारीशेजारी मांडले होते. इथे मात्र ॲपला धरलं पाहिजे. हा निव्वळ योगायोग आहे. बल्गेरियन ‘ना’ आणि रशियन ‘वर’ हे एकाच घरचे. आपल्या चतुर्थीचा त्या घराशी संबंध नाही. त्याच खणात जपानी ‘ना’ म्हणजे नाव, आणि त्याच्या बाजूला इंग्रजी ‘नेम’ होतं. दिसायला किती छान जुळतं! पण जपानीचं त्या कुळाशी काही नातं नाही. आवाज जुळला की सोयरीक जुळवायची, हा या खणाचा दोष आहे. त्यावर विसंबून कुठे लिहायला-बोलायला जाऊ नका.

गंमत म्हणजे जिथे खरं नातं आहे, तिथे खण रिकामा. आपला नकाराचा ‘ना’ संस्कृत ‘न’कडून आला. ‘नाराज’, ‘नापसंत’, ‘नाइलाज’ यांतला ‘ना’ फारसीतून आला. ‘नाइलाज’मधला इलाज तर अरबी आहे. म्हणजे मराठीत नकाराचे हे दोन ‘ना’ वेगवेगळ्या वाटांनी आले, आणि मागे जाऊन पाहिलं तर दोघांची पणजी एकच. त्याच पणजीची आणखी एक शाखा जुन्या इंग्रजीत आहे. तिथे ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘आ’ म्हणजे कधीही, दोन्ही मिळून ‘ना’. आजचा ‘नो’ त्याच ‘ना’चा वंशज. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज नकार द्यायला शब्दशः ‘ना’ म्हणायचा आणि हे भाषांतराच्या ॲपला ठाऊक नाही!

कॅमेऱ्याचा भाग ठीकठाक. भाच्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकावर धरला तेव्हा अकराव्या मूलद्रव्याच्या चौकोनात ‘नाही’ असं लिहून आलं. सोडियमची खूण रोमन लिपीत ‘ना’ अशीच दिसते. ती लॅटिन ‘नाट्रियम’वरून घेतली, आणि त्याच्या मुळाशी नॅट्रॉन, म्हणजे इजिप्तमध्ये ममी सुकवायला वापरायचे तो क्षार. भाचा दोन दिवस मीठ मागताना ‘नाही क्लोराइड’ म्हणत होता.

आता मुख्य तक्रार. ‘थांबा ना’ चुकलं ते शब्दाचा अर्थ माहीत नव्हता म्हणून नाही. नकार आणि आर्जव, दोन्ही अर्थ ॲपच्या कोशात आहेत, मी उघडून पाहिलं. शब्द वाक्यात कुठे बसलाय, हे त्यानं बघितलं नाही. ‘ना म्हण’ आणि ‘म्हण ना’. क्रियापदाच्या आधी आला तर नकार, नंतर आला तर विनवणी. बोलायला लागलेलं पोरही यात चुकत नाही.

आणि ही काही आजची अडचण नाही. ऋग्वेदात विष्णूच्या सूक्तात (१.१५४.२) ‘मृगो न भीमः कुचरो गिरिष्ठाः’ अशी ओळ आहे. शाळेतलं संस्कृत घेऊन गेलात तर वाटेल, पशू भयंकर नाही. खरा अर्थ नेमका उलटा: डोंगरात राहणाऱ्या भयंकर पशूसारखा. वैदिक भाषेत ‘न’ म्हणजे ‘नाही’ही आणि ‘सारखा’ही. यास्कानं निरुक्तात याचा उलगडा अगदी थोडक्यात केलाय. बोलभाषेत ‘न’ फक्त निषेधाचा, वेदात दोन्ही. ज्याचा निषेध करायचा त्याच्या आधी येतो तो निषेधाचा, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून येतो तो उपमेचा. मी ती ओळ ॲपमध्ये टाकली. उत्तर आलं, हरीण भयंकर नाही. यास्काकडे फोन नव्हता. त्यानं फक्त शब्दाची जागा पाहिली.

जागा पाहणं यंत्राला जमतच नाही असंही नाही. म्हणून तर जपानीसाठी अर्धा तारा. जपानीत ‘इकु ना’ म्हणजे जाऊ नकोस आणि ‘इकि ना’ म्हणजे जा. एका स्वराचा फरक, दोन्हींच्या शेवटी ‘ना’. दुसरा ‘ना’ हा ‘नासाइ’ या आज्ञार्थी शेपटाचा उरलेला तुकडा. मी मुद्दाम दहा क्रियापदं उलटसुलट करून टाकली, ॲप एकदाही चुकलं नाही. थाई ‘ना’ तर स्वभावानं थेट आपल्या आर्जवाचा जुळा भाऊ, वाक्याच्या शेवटी येऊन बोलण्याची धार बोथट करणारा. तोही ॲपला कळतो. जर्मन माणूस भेटल्या भेटल्या नुसतं ‘ना?’ म्हणतो, म्हणजे काय रे, कसं काय. तेही आलं. म्हणजे ज्या भाषांचा मजकूर त्याला पोटभर मिळाला, त्यांच्यातला बारकावा त्याला जमतो. मराठी वाढताना मात्र कुणीतरी हात आखडता घेतलाय.

बाकी किरकोळ. वेग चांगला आहे. अक्षर मोठं करता येतं. इंटरनेटशिवाय मराठी चालतं, पण तेव्हा ‘थांबा ना’बरोबर ‘थांबा’सुद्धा डळमळतं. देवनागरीत एकटा ‘ना’ टाकला तर प्रत्येक वेळी हिंदीच समजतं. भाषा हातानं मराठी करा, आणि दर वेळी करा, कारण ती निवड त्याच्या लक्षात राहत नाही.

कुणी घ्यावं? प्रवासात पाट्या वाचायला आणि परक्या भाषेतल्या शब्दांशी खेळायला बेलाशक घ्या. संवादांचं काम करत असाल तर मी सध्या जे करतेय ते करून पाहा. खर्डा ॲपला देण्याआधी मूळ संहितेत ‘ना’ शोधते आणि वाक्याच्या शेवटी बसलेले सगळे ‘ना’ काढून टाकते. ‘थांबा’ दिलं की ‘वेट’ मिळतं. मग त्यातली विनवणी मी माझ्या हातानं परत भरते, कधी एक ‘प्लीज’ घालून, बहुतेक वेळा ओळ दोन अक्षरांनी लांबवून. चाळीस मिनिटांच्या एका भागात परवा एकशे बारा ‘ना’ निघाले. मोजल्यावर माझंच मला हसू आलं.

व्युत्पत्तीसाठी मात्र याच्या वाटेला जाऊ नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ची आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.

हे लिहायला बसण्याआधी ॲप उघडलं, तर खालून एक चौकट वर आली: “तुम्हाला आमचं ॲप आवडलं ना?” ते वाक्य तसंच उचललं आणि त्याच ॲपमध्ये टाकलं. इंग्रजी आलं, “यू डिडन्ट लाइक अवर ॲप?”

चौकटीत ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं होती. कुठलं दाबायचं, ते कळेना.